पाठिंबा नसल्याचे दाखले

सकाळचा उजेड आमच्या घरात थेट येत नाही. समोरच्या इमारतीच्या गच्चीवरील टाकीला वळसा घालून, तिथल्या दोन खिडक्यांच्या काचांवर आपटून, काहीसा वापरलेला होऊनच तो आमच्याकडे पोहोचतो. साडेसहाला तो स्वयंपाकघराच्या ओट्यावर असतो आणि पालथ्या घातलेल्या कपांच्या बुडांवर एकेक पांढरा ठिपका ठेवत जातो. मग तो जमिनीवर उतरतो, टेबलाच्या एका पायाशी बराच वेळ घुटमळतो, खुर्चीवरच्या वर्तमानपत्राला किंचित पिवळेपणा देतो आणि सातच्या सुमारास भिंत चढू लागतो. भिंतीवर आधी गेल्या वर्षीचे कॅलेंडर लागते, मग ओलीचा एक डाग, मग विजेच्या बटणांचा फलक. त्या फलकावर प्रत्येक बटणाखाली बाबांनी काळ्या शाईने, मोठ्या इंग्रजी अक्षरांत नाव लिहिले आहे: लाइट, फॅन, मोटर. ‘मोटर’मधल्या शेवटच्या अक्षराचा एक पाय पुढे लांबवलेला आहे, जेवणानंतर माणूस आरामखुर्चीत पसरतो तसा. उजेड त्या पायापर्यंत पोहोचला, की माझी निघायची वेळ होते.

हा उजेड मी रोज इतका निरखून पाहतो याला सौंदर्यदृष्टी हे एकच कारण नाही. त्या वेळी टेबलाच्या पलीकडे बाबा बसलेले असतात, आणि दोन माणसांनी एकमेकांकडे न पाहता चहा प्यायचा तर निदान एकाला पाहायला काहीतरी लागते. बाबांजवळ वर्तमानपत्र असते.

बाबा नकाशे काढण्याच्या नोकरीतून निवृत्त झाले, पण त्यांचा हात निवृत्त झाला नाही. घरात दिसेल त्या वस्तूवर ते तिचे नाव लिहितात. आमच्याकडे मीठ ठेवायची एकच बरणी आहे आणि तिच्यात मीठच असते, तरी तिच्यावर तसे लिहिले आहे. आई म्हणते, “एक दिवस माझ्या कपाळावर ‘आई’ लिहून मोकळे होतील.” त्यावर बाबा काही म्हणत नाहीत. बाबा फारसे काही म्हणतच नाहीत. हा गुण मला त्यांच्याकडून मिळाला, आणि त्यांना स्वतःला तो जेवढा शोभतो तेवढा मला शोभत नाही.

मी एका सरकारी अभिलेख कार्यालयात आहे. माझे काम पाने मोजण्याचे. जुन्या फायली येतात. त्यांतील प्रत्येक कागदाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात मी लाल शाईने क्रमांक घालतो. एकदा क्रमांक पडला, की तो कागद त्या फायलीचा झाला. मग तो धोब्याचा हिशेब असो वा खून झाल्याची कबुली, वरिष्ठांच्या लेखी आदेशाविना तो कोणालाही काढता येत नाही. हे काम मला आवडते. पाने बोलत नाहीत आणि माझ्याकडूनही तशी अपेक्षा ठेवत नाहीत.

दुर्दैवाने या न बोलण्याच्या नोकरीत कायम होण्यासाठी तोंडी मुलाखत द्यावी लागते. माझी पहिली मुलाखत सहा महिन्यांपूर्वी झाली. अध्यक्ष म्हणाले, “स्वतःबद्दल काही सांगा.” मी चार मिनिटे विचार केला. त्यानंतर त्यांनी मला जायला सांगितले आणि शेरा लिहिला: ‘उमेदवार शांत आहे.’ घरी येऊन मी हे सांगितले, तेव्हा बाबा “बरं” म्हणाले आणि बाल्कनीतल्या झाडांना पाणी घालू लागले. त्या एका शब्दाचा मी सहा महिने अभ्यास केला आणि अखेर या निष्कर्षाला आलो, की त्यांनी माझ्यावर पाणी सोडले आहे.

दुसरी मुलाखत म्हणजे शेवटची संधी. यात न बोललो, तर नोकरीच संपणार होती. म्हणून मी दोन वर्षांच्या कामाची एक फाईल तयार केली. म्हणजे तोंडाने बोलायचे ते कागदांनी बोलावे. चाळीस पाने झाली. शुक्रवारी ती घरी नेली, शनिवार-रविवार टेबलावर ठेवली आणि सोमवारी सकाळी, तोच उजेड कॅलेंडरवर आलेला असताना, निघण्यापूर्वी एकदा शेवटचे क्रमांक घालायला बसलो. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस.

एक्केचाळिसावे पान नव्हतेच. तरी माझ्या हाताने ते मोजले होते. ती तळहाताएवढी चिठ्ठी होती. तिच्यावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत एकच वाक्य होते: ‘आय अ‍ॅम इन युअर कॉर्नर.’ खाली सही नाही. वर उजव्या बाजूला लाल शाईत माझ्या हातचा क्रमांक, अजून ओला.

मी बाबांकडे पाहिले. वर्तमानपत्र स्थिर होते. मी भिंतीकडे पाहिले. उजेड फलकाखाली थांबला होता. मग मी फाईल मिटली आणि मनाशी निश्चित केले, की हे कार्यालयातील कोणाचेतरी कारस्थान आहे.

आस्थापना शाखेतल्या बाई फाईल स्वीकारताना प्रत्येक पान उलटतात. त्यांचा चष्मा साखळीला बांधलेला असतो आणि तो डोळ्यांवर चढला, की समोरचा माणूस आपल्या चुका आठवू लागतो.

“हे एक्केचाळीस काय आहे?”

“चुकून आलंय.”

“चुकून आलंय, मग नंबर कोणी घातला?”

“मीच. सवयीने.”

“मग आता राहू दे सवयीने. इंग्रजीत आहे. अर्थ आणि उगम जोडा, अनुवाद शाखेच्या शिक्क्यासकट. त्याशिवाय फाईल समितीपुढे जायची नाही.”

अर्थ आणि उगम! एका ओळीची चिठ्ठी आणि तिला वंशावळ. मी अनुवाद शाखेत गेलो. तिथले अनुवादक हे एकटेच शाखा आहेत, आणि पंधरा वर्षांत त्यांच्याकडे पंप आणि पाइप यांच्या पत्रांखेरीज काहीही आलेले नव्हते. चिठ्ठी पाहताच त्यांच्या डोळ्यांत पाणी तरळले.

“वा! वाक्प्रचार! या, बसा. चहा घेणार?” त्यांनी तीन कोश काढले. “अर्थ सरळ आहे. मी तुमच्या बाजूने आहे, तुम्हांला माझा पाठिंबा आहे. उगम त्याहून सुंदर. मुष्टियुद्ध! रिंगणात दोन खेळाडू, समोरासमोरचे दोन कोपरे. प्रत्येकाच्या कोपऱ्यात त्याची माणसं. मधल्या एका मिनिटात खेळाडू परत येतो, तेव्हा ती त्याला बसवतात, पाणी देतात, घाम पुसतात. घंटा झाली की खाली उतरतात.”

“म्हणजे ती लढत नाहीत.”

“एक ठोसासुद्धा नाही.”

“आणि हरला तर?”

“टॉवेलही त्यांनीच टाकायचा असतो रिंगणात. म्हणजे, पुरे झालं, थांबवा.” त्यांनी शिक्का मारला आणि गंभीरपणे म्हणाले, “पण एक विचारू? तुम्हांला कोण पाठिंबा देतंय?”

हा प्रश्न त्यांनी ज्या निर्मळ आश्चर्याने विचारला, ते माझ्या अजून लक्षात आहे.

अनुवाद वाचून आस्थापनेतल्या बाईंनी चष्मा काढला. हे अधिक वाईट लक्षण असते. “पाठिंबा? अहो, म्हणजे वशिला! उमेदवाराच्या बाजूने कोणी लेखी काही दिलं, की नियम सहा लागतो. नाव जाहीर करा, नाहीतर उमेदवारी बाद.”

“पण मला नाव माहीत नाही.”

“घरचं कोणी असेल तर प्रश्नच मिटला. आई-वडिलांचा पाठिंबा नियमात धरत नाहीत. घरचं आहे का कोणी?”

“नाही,” मी म्हणालो. एरवी माझ्या तोंडून शब्द निघायला वेळ लागतो. हा लगेच निघाला.

“मग कार्यालयातलं असणार. सगळ्यांकडून लिहून आणा. ज्याने दिला तो देईल नाव, ज्याने नाही दिला तो नाही म्हणून देईल. गुरुवारपर्यंत.”

त्या दिवशी संध्याकाळी जिन्यात कायदेकाका भेटले. ते आमच्या शेजारी राहतात. तीस वर्षे एका वकिलाच्या कचेरीत फायली बांधल्यामुळे इमारतीतील पाण्याच्या वेळेपासून मांजरीच्या बाळंतपणापर्यंत सर्व बाबींवर त्यांचे कायदेशीर मत असते. चिठ्ठीची हकीकत ऐकून ते पायरीवरच बसले.

“फाडून टाक.”

“क्रमांक पडलाय, काका.”

“मग गेलास.” त्यांनी थोडा वेळ माझ्यासाठी शोक केला. “हे बघ, तुझ्या विरोधात कोणी असेल तर ते सरळ आहे, त्यात संशयाला जागा नाही. बाजूने कोणी असेल, तर आधी विचारायचं: का? तू तर कोणाच्या अध्यात ना मध्यात. तुला पाठिंबा देऊन कोणाचं काय भलं होणार?”

“काहीच नाही.”

“बघ! म्हणजे डाव खोल आहे.”

मला तो युक्तिवाद पटला. इतका पटला, की दुसऱ्या दिवसापासून मी प्रत्येक सहकाऱ्याकडे चोरून पाहू लागलो. रोखपालाने मला पाहून मान हलवली. सोमवारपर्यंत तो मान हलवत नसे. पाणी भरताना शिपायाने “आधी तुम्ही” म्हटले. भांडारातल्या गृहस्थांनी न मागता नवी लाल शाई दिली. चहूकडून माझ्याशी बरे वागण्यात येत होते आणि माझी झोप उडाली होती.

दाखले गोळा करणे हे मात्र माझ्या स्वाभिमानाला झेपण्यासारखे काम नव्हते. कल्पना करावी: कार्यालयातील सर्वांत लाजाळू माणूस, हातात कोऱ्या कागदांचा गठ्ठा, एकेका टेबलापाशी उभा राहून विचारतो, “माफ करा, आपण मला पाठिंबा देता का?” पहिल्या टेबलावरचे हेडक्लार्क दचकून मागे सरकले.

“मी? छे, छे! कोण म्हणालं?”

“कोणी नाही. तसं लिहून द्याल?”

“आनंदाने.” आणि त्यांनी ते खरोखर आनंदाने लिहिले. त्यांचा मसुदा इतका सुबक उतरला, की पुढे सर्वांनी तोच वापरला: ‘दाखला देण्यात येतो की, मी सदर उमेदवाराच्या बाजूने नाही, पूर्वी कधीही नव्हतो आणि नजीकच्या काळात असण्याचा माझा विचार नाही.’ भांडारातल्या गृहस्थांनी खाली स्वतःच्या हाताने ‘व्यक्तिशः राग नाही’ एवढी भर घातली. रोखपालाने विचारले, “दोन प्रती लागतील का?” शिपाई म्हणाला, “साहेब, मला तुम्ही आवडता. पण लेखी द्यायचं म्हटलं तर नाहीच लिहा.”

बुधवारी दुपारपर्यंत सतरा दाखले जमले. सतरा माणसांनी सही-तारखेनिशी माझ्यापासून हात झटकले होते. मी ते फायलीत लावले आणि सवयीने क्रमांक घातले. अनुवादाचे बेचाळीस होते. हे त्रेचाळीस ते एकोणसाठ.

अठराव्या टंकलेखिका बाई. आमची टेबले चार हातांवर आहेत आणि दोन वर्षांत आमच्यात झालेले सर्वांत मोठे संभाषण टाचण्यांविषयी होते. त्यांनी मसुदा दोनदा वाचला.

“मी असं लिहून नाही देणार.”

मी गठ्ठा त्यांच्या टेबलावर ठेवला. “म्हणजे... चिठ्ठी तुम्ही...?”

“नाही हो. चिठ्ठी माझी नाही.” त्या थोड्या चिडल्या होत्या. “पण ‘बाजूने नाही’ असं माणूस लिहून कसं देईल? आणि तुम्ही मागता तरी कसं? घरी कोणाला दाखवलीत का चिठ्ठी?”

“घरच्यांचा काय संबंध?”

“मी नुसतं विचारलं. एवढं ओरडायला काय झालं?”

मी ओरडलो होतो. संपूर्ण शाखेने माना वर केल्या. माझा आवाज तिथे अनेकांनी प्रथमच ऐकला असावा.

“तुमच्या नावापुढे मग काय लिहू?” मी खाली मान घालून विचारले.

“रिकामं ठेवा,” त्या म्हणाल्या, आणि यंत्रावर बोटे आपटू लागल्या.

गुरुवारी सकाळी चहाच्या वेळी आईने मूळ विषयालाच हात घातला. कायदेकाकांनी तिला जिन्यात सर्व सांगितले होते. “काय रे ती चिठ्ठी? आणि उगम कसला शोधतोयस?”

मी शक्य तितक्या कोरडेपणाने सांगितले: रिंगण, कोपरा, घंटा. “मधल्या मिनिटात त्याला पाणी देतात, मग स्टुलावर बसवतात...”

“आधी स्टूल,” वर्तमानपत्रामागून आवाज आला.

आम्ही दोघांनी तिकडे पाहिले.

“आधी स्टूल ठेवायचं. तो यायच्या आत. पाणी नंतर. आणि प्यायचं नसतं ते, चूळ भरून बादलीत टाकायचं. बादली आपण धरायची.” पान उलटल्याचा आवाज झाला. “बोलायचं फार नाही. एकच गोष्ट सांगायची. जास्त सांगितलं तर त्याच्या डोक्यात राहत नाही.”

आई हसली. “लग्नाआधी तीन वर्षं बॉक्सिंगच्या हॉलमध्ये बादली धरलीय यांनी. मला बघायला आले तेव्हासुद्धा अंगाला त्या मलमाचा वास येत होता. यांचे उस्ताद सगळं इंग्रजीतच बोलायचे म्हणे. मला वाटलं, हेच ठोसे मारतात! नंतर कळलं, हे बादलीवाले.”

“तेही लागतं कोणीतरी,” बाबा म्हणाले.

बाबांना हे ठाऊक आहे याचे मला नवल वाटले. त्यापुढे काही वाटू द्यायचे मी नाकारले. मी विषय बदलला आणि भिंतीवरच्या ओलीच्या डागाबद्दल बोललो. डागाबद्दल मी इतके कधीच बोललो नव्हतो. एखाद्याने आपल्यावर पाणी सोडलेले असणे ही तशी सोयीची गोष्ट असते. मागे कोणी नाही म्हटल्यावर पडणारा एकटाच पडतो, आणि धूळ झटकून उठताना कोणाच्या चेहऱ्याकडे पाहावे लागत नाही.

आस्थापनेतल्या बाईंनी फाईल ठेवून घेतली; नावाचे काय ते समितीच ठरवेल, म्हणाल्या. मुलाखत शुक्रवारी अकराला. निघताना उजेड बटणांच्या फलकावर आला होता. मी त्याच्याकडे पाठ करून बूट घातले आणि त्या गडबडीत पाण्याची बाटली टेबलावर विसरलो.

समितीत तिघे होते. मधोमध अध्यक्ष, डावीकडे शेरे लिहिणारे सदस्य, उजवीकडे आस्थापनेतल्या बाई, चष्मा डोळ्यांवर. अध्यक्षांनी फाईल उघडली आणि चाळीस पाने, माझी दोन वर्षे, अंगठ्याच्या एका फटकाऱ्यात उलटली.

“हे त्रेचाळीसपासून पुढे काय आहे?”

“मला कोणाचाही पाठिंबा नसल्याचे दाखले, सर.”

अध्यक्षांनी दोन वाचले, तिसरा वाचताना खोकल्याचे निमित्त करून रुमाल तोंडाला लावला. “अठरा वर्षं समितीवर आहे. उमेदवार असं काही जोडत नाहीत.” मग ते सावरले. “पण मग हा एक्केचाळीस नंबरवाला कोण? आणि याचा अर्थ तरी काय?”

अर्थाविषयी मला विचारले गेले, आणि काय झाले ते मला नीट सांगता येणार नाही. मी बोलू लागलो. मी म्हणालो, की रिंगणात उजेड असतो तो फक्त दोघांवर. कोपऱ्यातला माणूस अंधारात पायऱ्यांवर उभा असतो. तो यायच्या आत स्टूल ठेवले पाहिजे, नाहीतर ते एक मिनिट उभ्यानेच जाते. पाणी प्यायला द्यायचे नाही, चुळीपुरते द्यायचे. बोलायचे फार नाही. घंटा झाली, की स्टूल घेऊन खाली उतरायचे आणि पुढची तीन मिनिटे समोरच्याचा प्रत्येक ठोसा नुसता पाहायचा. मी म्हणालो, सर, लढणाऱ्याला निदान हात उचलता येतात. मी बरेच काही म्हणालो. शेरे लिहिणाऱ्या सदस्यांचे पेन हवेत थांबले होते. घड्याळात पाहिले, तर अकरा मिनिटे झाली होती.

“छान,” अध्यक्ष म्हणाले. “पण नाव?”

आणि मी पुन्हा गप्प झालो. ती जुनी, ओळखीची शांतता. तिच्यात मी घरच्यासारखा शिरलो. एक मिनिट गेले. बाईंनी नियम सहाचे पान उघडून समोर ठेवले.

तेवढ्यात दार ढकलून शिपाई आत आला. हातात बाटली. “साहेब, बाहेर बाकावर एक गृहस्थ बसलेत, सकाळपासून. म्हणाले, हे आत द्या, विसरलाय. नाव विचारलं, तर सांगत नाहीत.”

त्याने बाटली टेबलावर ठेवली. पारदर्शक बाटली, आत दिसणारे पाणी, आणि त्यावर पट्टी चिकटवून मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलेले: ‘वॉटर.’

अध्यक्षांनी बाटलीकडे पाहिले. चिठ्ठीकडे पाहिले. बाटली उचलून चिठ्ठीशेजारी धरली. बाईंनी चष्मा पुसून पुन्हा लावला आणि वाकल्या. बाटलीवर एक ‘आर’ होता, चिठ्ठीत तीन. चौघांनीही एकेक पाय पुढे लांबवला होता.

“घरचं कोणी नाही म्हणाला होतात,” बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता; असता तर मला सोपे गेले असते.

“कोण आहेत बाहेर?” अध्यक्षांनी हळू विचारले.

“माझे वडील.”

शेरे लिहिणाऱ्या सदस्यांनी पेन टेकवले. मला उलटे वाचता येते, तो माझ्या कामाचा भाग आहे. त्यांनी लिहिले: ‘उमेदवार बोलतो. कायम करण्यास हरकत नाही.’ बाईंनी नियमांचे पुस्तक मिटले.

“मग हे सतरा दाखले कशाला गोळा केलेत?” अध्यक्ष म्हणाले. “हे अक्षर कोणाचं ते तुम्हांला कळलं कधी?”

मी बाटलीचे झाकण उघडले, एक घोट तोंडात धरला आणि बराच वेळ गिळला नाही.

“सोमवारी सकाळीच, सर. पाहताक्षणी.”